मटण-मासे सुटतायत, वाटण नाही सुटत!

तिरफळ:
माहेर कोल्हापूर, सासर वेंगुर्ला, राहायला ठाण्यात. तेव्हा आमच्या घरी आठवड्याचा हिशेब काय असेल ते सांगायला नको. गेल्या वर्षी श्रावण धरला तो सोडलाच नाही. कारण एकच असं नाही. ब्रॉयलर कोंबड्यांनी ठासून भरलेल्या गाडीमागे घोडबंदरला रोज सिग्नलला थांबावं लागतं, ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, आणि मलाच रविवारी दुपारी जड जड वाटायला लागलं होतं. पापपुण्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगते, नाहीतर चर्चेचा हा धागा तिकडेच जाईल.

सगळे विचारतात, "प्रथिनांचं काय?" माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. आपल्यासारख्या खाणाऱ्या घरांत अर्धा आठवडा तसाही शिवराकच (बिनमांसाचाच) असतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय संकष्टी, एकादशी. मग अवघड का जातं? कारण शिवराकाच्या दिवशी स्वयंपाकाला आपण सुट्टी देतो! वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्या, झालं. आणि रविवारी? सुकं खोबरं खरपूस भाजायचं, कांदा काळा होईपर्यंत परतायचा, दगडफूल, बडीशेप, मसाला वेलची, पाटा नाहीतर मिक्सर, तासभर नुसता वास. सगळी मेहनत सागोतीच्या (मटण-कोंबडीच्या रश्श्याच्या) वाट्याला. जिभेला लहानपणापासून हेच शिकवलंय की कष्ट घेतलेलं जेवण म्हणजे वशाट (मांसाहारी). मग मांसाहार सोडायचा म्हणून माणूस सोमवारचं जेवण सातही दिवस जेवतो आणि महिन्याभरात कोंबडीवड्यांवर परत येतो.

मी उलट केलं. मांस कमी करायच्या आधी रविवारचं वाटण सोमवारी आणलं. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या, पण पूर्ण सागोतीच्या थाटात. फणसाच्या कुयरीची भाजी, मार्च-एप्रिलात ओल्या काजूंची उसळ (भाव विचारू नका), नीरफणसाचे रवा लावून तळलेले काप. कोल्हापूरकडच्यांसाठी: अळणीच्या (मटण शिजवलेल्या पाण्याच्या) जागी काळे वाटाणे शिजवलेलं पाणी वापरा. तांबडा रस्सा त्यावर बराच उभा राहतो. पांढऱ्यात खसखस, काजू, नारळाचं दूध असतंच, पण त्याला हाडाचा जो गुळगुळीतपणा असतो तो येत नाही. उगाच येतो म्हणून सांगणार नाही.

सोयाबीनच्या वड्या मटण म्हणून वाढू नका. सासूबाईंनी एक घास घेऊन माझ्याकडे जे पाहिलं ते शब्दांत मावत नाही. त्याच वड्या भिजवून, पिळून, हाताने कुस्करून खिम्यासारख्या परतल्या की मात्र घरात कुणाची तक्रार नाही.

आता अडलंय ते दोन ठिकाणी. मटण सुटलं, पण बांगड्याचं तिखलं डोक्यातून जात नाही. आणि दूध. जाणकारांनी लिहा.

वऱ्हाडी_ठेचा:
तिरफळताई, नागपूरकडे या. पाटवडी रस्सा केला नाही तर धागा अपूर्ण आहे. बेसन फोडणीत घोटून घट्ट शिजवायचं, तेल लावलेल्या ताटात थापायचं, वरून खोबरं, खसखस, कोथिंबीर, आणि वड्या पाडायच्या. रस्सा मात्र मटणाच्याच इमानाने करायचा, काळा मसाला घालून, वर बोटभर तर्री. वड्या रश्श्यात उकळायच्या नाहीत, वाढताना सोडायच्या. नाहीतर पिठलं होते अन् मग आम्हाला शिव्या पडतात.
एक सूचना. सावजी हॉटेलात पाटवडी मागवताना रस्सा वेगळा केला आहे का ते विचारून घ्या. संकोच करू नका, आमच्याकडे कुणी वाईट मानत नाही.

जुन्नरी:
आणि मासवडी कुठे गेली? बेसनाची पोळी, आत भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं सारण, गुंडाळी करून तिरके काप. दिसायला माशाचा तुकडा, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडे जुन्नर-आंबेगावात पाहुण्याला मासवडी केली म्हणजे मान ठेवला. मटण नाही केलं म्हणून रुसलेला पाहुणा अजून बघितला नाही.

तिरफळ:
दोघांनाही +1. हेच म्हणत होते. हे पदार्थ कुणी मटणाची नक्कल म्हणून करत नाही, आणि कष्ट मटणाइतकेच. म्हणून चालतात.

सुकटप्रेमी:
धागा चांगला आहे, पण एक खडा टाकतो. "शाकाहाराकडे वळणे" हे महाराष्ट्रात निव्वळ आहाराबद्दल कधीच नसतं. मुंबईत घर शोधताना दलालाचा पहिला प्रश्न "नॉनव्हेज खाता का?" हा मी भाडेकरू म्हणून ऐकलेला आहे. आडनाव ऐकल्यावर तो विचारलाही जात नाही, फ्लॅटच गेलेला असतो. शाळेच्या पोषण आहारात 2023 च्या शेवटी आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, तर केवढा आरडाओरडा! 2025 च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी काढून घेतला. ज्या घरात मूठभर सुकट हीच भाकरीसोबतची चैन आणि पोषणही, त्या घराला "प्लांट बेस्ड व्हा" कोण सांगणार? बोंबील-जवळा आजही गरिबाचं प्रथिन आहे.
वैयक्तिक घेऊ नका. पण "जड जड वाटतं"च्या पुढची पायरी "सात्त्विक" असते आणि त्याच्या पुढची "शुद्ध". हा जिना पाहिलेला आहे.

तिरफळ:
सुकटप्रेमी, वैयक्तिक घेत नाही. माहेरी मटण शिजतं म्हणून लहानपणी एका मैत्रिणीच्या घरी मला ओट्याजवळ जाऊ देत नसत, त्यामुळे जिना मलाही माहीत आहे. माझ्या धाग्यात "शुद्ध" शब्द दिसला तर मला सांगा, मीच उडवते. अंड्याबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ज्याला ताटातलं निवडता येतं त्यानेच सोडायच्या गोष्टी कराव्यात. पण निवडता येणाऱ्यांपैकी मी आहे, तर मी काय करू यावरही बोलूया ना.

एक_साधा_प्रश्न:
वनस्पतींना जीव नसतो का? वनस्पती उत्तेजनांना प्रतिसाद देतात हे जगदीशचंद्र बोसांनी दाखवलंय.

वऱ्हाडी_ठेचा:
आला! मी म्हटलंच अजून कसा आला नाही. भाऊ, बकरा काय हवा खाऊन मोठा होतो? वनस्पतींची एवढी दया येते तर त्या थेट खा, मधला बकरा वगळला की कमीच लागतात. हलके घ्या.

मेतकूट:
पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मांसाहार सोडून आलेली बरीच मंडळी रोज भेटतात, त्यावरून लिहिते. थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, मटण गेलं की त्याची जागा डाळी-कडधान्यांनी घ्यायला हवी. प्रत्यक्षात बटाटा, साबुदाणा, मैदा घेतात. सहा महिन्यांनी साखर वाढलेली असते आणि दोष शाकाहाराला. 60 किलोच्या माणसाला आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषणसंस्थेच्या हिशेबाने दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. फक्त वनस्पतींवर असाल तर थोडं वरच धरा, कारण पचन आणि दर्जा यांत फरक पडतो. वाटीभर शिजलेल्या घट्ट डाळीत सहा ते आठ ग्रॅम मिळतात. पातळ आमटीत किती ते वाटीचा तळ बघून तुम्हीच ठरवा. सोयाबीनच्या सुक्या वड्या 100 ग्रॅमला 50 च्या वर जातात, म्हणजे मूठभर, 25-30 ग्रॅम वड्यांत 13 ते 15 ग्रॅम. शेंगदाणे 100 ग्रॅमला 25 च्या आसपास, पण सोबत तेलही भरपूर. भात आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात, त्यामुळे वरण-भाताला एवढं हिणवू नका, फक्त वरण वाढवा आणि भात कमी करा.

दुसरी गोष्ट बी-12 जीवनसत्त्व. इथे मी कुणाचं ऐकून घेत नाही. डाळ, भाजी, मोड, आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना यांतून भरवशाचं बी-12 मिळत नाही. दूध-दही भरपूर घेणाऱ्याला थोडंफार मिळतं, दूधही सोडलं तर गोळी घ्यावीच लागते. यकृतात साठा असतो म्हणून पहिली दोन-तीन वर्षं काही जाणवत नाही, आणि तोच धोका. मग तळपायांना मुंग्या, विसरायला होणं, जीभ सोलल्यासारखी होणं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर शोषण आणखी कमी होतं, त्यांनी तपासणी टाळूच नये. आणि पालेभाज्यांतलं फोलेट भरपूर असलं की रक्त बरं दिसतं, नसा मात्र आतून बिघडत राहतात. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांवर 1990 च्या दशकापासून जो मोठा अभ्यास चालू आहे, त्यात आईचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक आढळलं. म्हणजे हा आपल्या अंगणातला प्रश्न आहे, अमेरिकेतल्या व्हीगन लोकांचा नाही. किती मात्रा ते मात्र डॉक्टरांकडून रक्त तपासून ठरवा. इथे विचारू नका, मी सांगणार नाही.

लोह. मटणातलं लोह सहज शोषलं जातं, मेथी-मसुरातलं नाही. त्यावर लिंबू पिळा. कैरी, आवळा, कच्चा टोमॅटो काहीही चालेल. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. इथे निम्मे लोक हरतात.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही. मासे आणि दूध दोन्ही सोडणाऱ्याच्या आहारातून आयोडिन जवळजवळ नाहीसं होतं. त्यात आजकाल "नैसर्गिक" म्हणून घरात सैंधव आणलेलं असतं, ज्यात बहुधा आयोडिन घातलेलं नसतं. साधं आयोडिनयुक्त मीठ वापरा. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ आपल्याकडे आहेतच. माशातल्या ओमेगा-3 साठी लोक जवस सांगतात. जवसाची चटणी जरूर खा, पण जवसातल्या ओमेगा-3 चं माशातल्या प्रकारात रूपांतर शरीर फार थोडं करतं. शैवालापासून काढलेलं तेल मिळतं, गरज असेल तर तो पर्याय.

गरोदर, स्तनदा, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लहान मुलं यांनी धागा वाचून काही बदलू नये.

आजोळ:
मेतकूटताई, प्रतिसाद छापून फ्रिजवर लावला. एक शंका. कडधान्यं वाढवली की घरात सगळ्यांचं पोट फुगतं, मुलगा तर शाळेत जायलाच तयार नाही. :)

मेतकूट:
एकदम वाढवलीत, म्हणून. आतड्यांना सवय व्हायला काही आठवडे लागतात. मूग-मसुरापासून सुरुवात करा, राजमा-छोले शेवटी. रात्रभर भिजवून ते पाणी ओता, मोड आणा, हिंग-ओवा घाला. आणि अर्धवट शिजलेली उसळ "दाताखाली यायला हवी" म्हणून वाढू नका.

पणजीचो_पाव:
तिरफळबाय, नुस्त्याचं (मासळीचं) दुःख गोंयकारालाच विचारा. माझं मत: मासळीची आठवण येते तेव्हा खरं तर तिच्याभोवतीच्या सगळ्याची येते. ओल्या खोबऱ्याचं बारीक वाटण, धणे, सुकी मिरची, तिरफळ, सोलं (कोकम). तुझं नावच तिरफळ, तुला काय सांगायचं! तिखल्याचंच वाटण करून त्यात सुरणाचे जाड तुकडे घाल. सुरण आधी सोलं किंवा चिंच घालून उकड, नाहीतर घसा धरतो. तळलेल्या मासळीला मात्र वांग्याचे आणि नीरफणसाचे काप हाच उपाय. मिरची-हळद-मीठ लावून पाऊण तास ठेव, मग जाड रवा, मंद तेलावर. घाईने तळलेला काप म्हणजे नुसता तेलकट रवा.
आमच्याकडे श्रावणात शिवराक असतं तेव्हाच रोयणीची अळमी (वारुळावरची रानअळंबी) येते, आणि तिची शाकुती (भाजलेल्या मसाल्याचं कालवण) खाऊन कुणी मटणाचं नाव काढत नाही. भाव ऐकला तर मटण स्वस्त वाटेल हे वेगळं. वर्षभर साधी बाजारातली अळमी वापरतो. खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण) तर आहेच, त्याला कुणाची जागा घ्यायची गरजच नाही.
सुकट-बोंबलाचा वास मात्र कशानेच येत नाही. प्रयत्न करून थकलो. भाजलेलं कारळं आणि सुकं खोबरं कुटून चटणी केली तर भाकरीला सोबत होते, इतकंच.

चंद्रभागा_तीर:
सगळे नवीन काहीतरी करतोय असं लिहितायत म्हणून आठवण करून देतो. आपल्याकडे माळ घालायची परंपरा शेकडो वर्षांची आहे. माझे आजोबा पंढरपूरला जाऊन माळ घालून आले, तोपर्यंत गावच्या जत्रेत बकरं कापायला तेच पुढे असत. त्या दिवसापासून मटण बंद, दारू बंद. आहारतज्ज्ञ नाही की पाककृतींचं पुस्तक नाही. वारकऱ्यांत सगळ्या जातींची माणसं आहेत, त्यामुळे शाकाहार म्हणजे फक्त वरच्यांची मिरासदारी हेही मला पटत नाही.
पण तिरफळताईंचा मुद्दा आजोबांबाबत खरा होता. आजी जत्रेच्या दिवशी घरच्यांसाठी मटण करायची आणि त्याच मसाल्यात आजोबांसाठी वेगळ्या पातेल्यात अख्खा मसूर. पातेलं वेगळं, मसाला एक. आजोबांना कधी वेगळं पाडल्यासारखं वाटलं नाही. मला वाटतं निम्मी माळ आजीने सांभाळली.

सुकटप्रेमी:
वारकऱ्यांचा मुद्दा मान्य. आजोबांनी स्वतः घातलेली माळ आणि सोसायटीने दुसऱ्याच्या गळ्यात घातलेली माळ, फरक एवढाच म्हणायचा होता. बाकी अख्ख्या मसुराचं प्रमाण टाका, रविवारी करून बघतो. सोबत सुकट असेलच. :)

बर्लिनकर:
इकडे सगळं उलट. ओटचं पेय, टोफू, नकली सॉसेज कोपऱ्यावरच्या स्वस्तातल्या दुकानातही मिळतात, पण ताजा कढीपत्ता आणि ओलं खोबरं शोधत फिरावं लागतं. सहकाऱ्यांना मी शाकाहारी म्हटलं की ते थेट मासे पुढे करतात. हिवाळ्यात ऊन नाही म्हणून ड जीवनसत्त्वाची गोळी सगळेच घेतात, आणि ते डी-3 बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवलेलं असतं. काटेकोर असाल तर दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं वेगळं मिळतं. कॅप्सूलचं वरचं कवचही बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे हाडं-कातडीचं. गोळी मागा. मी मात्र इतका काटेकोर नाही, आईने पाठवलेल्या तुपाला नाही म्हणवत नाही.

दुधावरची_साय:
दुधाबद्दल कुणीच बोलेना म्हणून मीच. मटण कधी खाल्लंच नाही, त्यामुळे मला सोडायला फक्त दूध होतं, आणि ते मटणापेक्षा जड गेलं. चहा! सोयाचं पेय चहात फाटतं, बदामाचं पाणचट लागतं. ओटचं त्यातल्या त्यात बरं, पण रोजच्या चार कप चहाला ते परवडत नाही. शेवटी कोऱ्या चहात आलं, गवती चहा, लिंबू यावर आले. घरी सोयाचं दूध करणाऱ्यांनो, दाणे आधी उकळत्या पाण्यात टाका, थंड वाटलेत तर तो कच्चट शेंगांसारखा वास जात नाही.
दह्याला मात्र उपाय सापडला. शेंगदाणे भिजवून वाटायचे, गाळायचे, ते दूध उकळून कोमट करायचं आणि हिरव्या मिरचीची देठं टाकून रात्रभर उबेत ठेवायचं. पहिलं विरजण जरा अशक्त लागतं, त्यातलंच चमचाभर घेऊन दुसरं लावलं की घट्ट होतं. कढी, मठ्ठा, कोशिंबीर सगळं होतं. श्रीखंड होत नाही, केविलवाणं होतं. आणि कोकणातल्यांना काय अडचण? सोलकढी तर नारळाच्याच दुधाची.

आजोळ:
पण इतकं करायलाच हवं का? मटण आठवड्यावरून महिन्यावर आणलं, हेही काही कमी नाही ना? आमच्याकडे जावयाला कोंबडी नाही केली तर उभ्या गावात चर्चा होईल.

तिरफळ:
आजोळ, मुळीच कमी नाही. माझ्याही घरात सगळे सुटलेले नाहीत. ह्यांनी मटण सोडलं, पापलेट-सुरमई सोडायला तयार नाहीत, आणि मी त्यांच्या मागे लागत नाही. सासूबाई बुधवारी स्वतः बाजारात जाऊन मासळी आणतात, त्यांचं त्या करतात. फक्त घरातलं मुख्य पातेलं आता बिनमांसाचं असतं आणि मासा बाजूच्या ताटलीत. पूर्वी हे उलट होतं. जावयाचं म्हणाल तर कोंबडी करा हवी तर, पण शेजारी काळ्या वाटाण्याचं सांबारही तेवढंच मन लावून करा आणि वडे जास्त तळा. कुठलं पातेलं आधी रिकामं होतं ते इथे येऊन लिहा.

मेतकूटताई, बी-12 ची तपासणी उद्याच करते, सैंधवाचा डबाही गेला. पणजीकर, सुरणाचं तिखलं या बुधवारी. दुधाचा निर्णय इतक्यात नाही, आधी शेंगदाण्याचं दही लावून बघते.

पेणचा_पोहा:
काळे वाटाणे शिजतच नाहीत हो! रात्रभर भिजवले, दहा शिट्ट्या झाल्या, तरी टणक. सोडा घालायचा का?

तिरफळ:
सोडा नको, चव जाते. वाटाणे जुने असणार, दुकान बदला. भिजवताना सकाळी एकदा पाणी बदला आणि चांगले दुप्पट फुगलेत का बघा. कोकम, टोमॅटो, चिंच काहीही आंबट आधी घालू नका, त्याने दाणा आवळतो. मीठ घालून सहा-सात शिट्ट्या, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. शिजलेलं काळं पाणी ओतू नका, सगळी चव त्यातच आहे. मूठभर वाटाणे त्या वाटणातच वाटा, रस्सा मिळून येतो.

सुकटप्रेमी:
आणि अख्खा मसूर?? चंद्रभागा_तीर, आजीचं प्रमाण टाका की राव.

चंद्रभागा_तीर:
आजी प्रमाण सांगत नव्हती. आईला विचारून उद्या टाकतो. एवढं आठवतंय की मसूर भिजवायचे नाहीत, कोरडे भाजून घ्यायचे, आणि लसूण हात राखून घालायचा नाही.